फ्लॅट न बघता डिपॉझिट पाठवायचं का?

तुमचा प्रश्न असा: मुलीला हिंजवडीत नोकरी लागली आहे, तुम्ही लातूरला, रुजू व्हायला दहा दिवस उरलेत. एका साइटवर वाकडचा फर्निश्ड टू बीएचके १६ हजार भाड्यात दिसला. मालक सांगतो की तो लष्करात अधिकारी आहे आणि सध्या जम्मूला पोस्टिंग आहे. ओळखपत्राचा आणि आधारचा फोटो त्याने पाठवलाय. फ्लॅट बघायला येण्याआधी सोसायटीच्या 'गेटपास'चे २,५०० रुपये भरा, ते परत मिळतील. पसंत पडला तर ५० हजार डिपॉझिट ऑनलाइन टाका, चावी वॉचमनकडे मिळेल, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडे एक एजंट त्याच भागातला वन बीएचके ६ लाख हेवी डिपॉझिटवर देतोय, वर्षभर भाडं शून्य. दोन्हींत सुरक्षित कोणता, हे तुम्हाला हवंय.

आधी तातडीचं सांगतो. ते अडीच हजार पाठवू नका, आणि सहा लाखांचा चेकही लिहू नका. आता कारणं.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे घराच्या भाडेकरारांच्या, नोंदणीचं काम करतो, बरीच वर्षं. माझ्याकडे लोक दोन वेळी येतात: पैसे देण्याआधी, किंवा पैसे गेल्यावर. दुसऱ्या वेळी आलेल्यांची जवळजवळ सगळ्यांची हकिकत सारखी असते. माणूस खरा आहे की खोटा, हे ते फोनवरच्या बोलण्यावरून आणि कागदांच्या फोटोंवरून ठरवत बसलेले असतात. ते तसं ठरतच नाही. ओळखपत्राचा फोटो खराही असू शकतो, फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. अनेकदा एखाद्या खऱ्या जवानाने याआधी कुणाला विश्वासाने पाठवलेला कागदच पुढे फिरत राहतो. वर्दीबद्दल आपल्या घराघरात आदर आहे, आणि फसवणारे नेमका तोच वापरतात. खरोखरच्या फौजी मालकांचे करार मी केलेत; बाहेर पोस्टिंग असलेला प्रामाणिक मालक असतोच. पण तो गेटपासचे पैसे मागत नाही. फ्लॅट बघायला येणाऱ्याकडून परताव्याचे अडीच हजार घेणारी सोसायटी मी पुण्यात पाहिलेली नाही. गेटवर नाव, मोबाइल नंबर आणि फ्लॅट नंबर लिहितात, किंवा अ‍ॅपवर मालकाची परवानगी घेतात, बस.

रक्कम अडीच हजारच का, हेही समजून घ्या. ती एवढी लहान असते की 'गेली तर गेली' असं वाटतं. ती गेली की पुढचा मेसेज येतो: 'सर, सिस्टिममध्ये एंट्री जुळत नाही, परत २,४९९ पाठवा, दोन्ही एकदम रिफंड होतील.' मग 'अकाउंट्सवाल्या साहेबांशी बोला', मग क्यूआर कोड, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील'. यूपीआयमध्ये पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, येत कधीच नाहीत. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही. एकदा दिलेले पैसे सोडवण्यासाठी माणूस आणखी देत जातो आणि बघता बघता पन्नास हजारांवर पोचतो. भाड्याचा आकडाही बघा. वाकडला फर्निश्ड टू बीएचके आज १६ हजारांत मिळत नाही. तो आकडा तुमच्यासारख्या बाहेरगावच्या, घाईत असलेल्या माणसाला थांबवण्यासाठीच टाकलेला असतो.

तेव्हा माणसाचा खरेखोटेपणा बाजूला ठेवा. ज्यांची उत्तरं कागदावर सापडतात असे प्रश्न विचारा. हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? पैसे कुणाच्या खात्यात चाललेत? ती दोन्ही नावं एकच आहेत का? आणि आपलं कुणी त्या फ्लॅटच्या आत उभं राहून आलंय का? ही चारही उत्तरं जुळेपर्यंत रुपया हलवायचा नाही. माझ्या कामाचा सगळा अनुभव याच एका गोष्टीपाशी येतो.

मालकीपासून सुरुवात करू, कारण लोक सर्वात जास्त इथेच चुकतात. मालकाकडून इंडेक्स टू मागा. फ्लॅट खरेदीचा दस्त नोंदवला की हा एका पानाचा उतारा मिळतो, मराठीत असतो, वाचायला अवघड नाही. चौथ्या रकान्यात मिळकतीचं वर्णन असतं: गाव, सर्व्हे नंबर, इमारत, मजला, फ्लॅट नंबर. सातव्यात दस्त करून देणारा, म्हणजे खरेदीच्या दस्तात बिल्डर किंवा आधीचा मालक. आठव्यात दस्त करून घेणारा. तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव या आठव्या रकान्यात हवं. सातव्यात असेल तर त्याने तो फ्लॅट विकलेला आहे! कागदाच्या सुरुवातीला दस्ताचा प्रकारही वाचा. भाडेकराराचाही इंडेक्स टू निघतो, आणि त्यात आठव्या रकान्यात भाडेकरूचं नाव असतं. फ्लॅट स्वतः भाड्याने घेऊन हाच कागद पुढे 'मालकीचा पुरावा' म्हणून दाखवणारे असतात. वरवर बघणाऱ्याला दोन्ही पानं सारखीच दिसतात.

नुसत्या फोटोवरही थांबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून दस्त शोधता येतो. तिथे जे नाव दिसतं ते कुणी मोबाइलवर बदललेलं नसतं. त्याच फ्लॅटवर आणखी कुणाचा चालू भाडेकरार नोंदलेला असेल तर तोही दिसू शकतो; एकच फ्लॅट दोघातिघांना देणारे असे सापडतात. मात्र जुना दस्त, चुकीचा टाकलेला फ्लॅट नंबर किंवा वारसाहक्काने आलेलं घर असेल तर शोधात काही सापडत नाही. तेवढ्यावरून मालकाला खोटं ठरवू नका. अशा वेळी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची पावती आणि मिळकतकराचं बिल बघायचं. एकट्या वीजबिलावर मी भर देत नाही, कारण त्यावर बऱ्याचदा बिल्डरचं किंवा जुन्या मालकाचं नाव तसंच राहिलेलं असतं.

आणि सर्वात सोपी चौकशी म्हणजे सोसायटीच्या ऑफिसमधला माणूस. चेअरमन, सेक्रेटरी, मॅनेजर, जो भेटेल तो. फ्लॅट कुणाचा आहे आणि भाड्याने द्यायचाय का, हे त्याला माहीत असतं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, विदर्भातून आलेली. हातात स्टॅम्पपेपरवरच्या कराराची प्रिंट, शेजारी दोन बॅगा. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं आधीच गेलेलं. गेटवर वॉचमनने सांगितलं की त्या फ्लॅटचे मालक आजी-आजोबा तिथेच राहतात, कालच भाजी घेऊन आलेत. फोटो कुठल्या तरी जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून उचलले होते. तो वॉचमन तिला पैसे पाठवण्याआधीही हेच सांगू शकला असता, फक्त विचारायला कुणी गेलं नव्हतं.

आता खातं. २०२५च्या जूनअखेरपासून यूपीआय अ‍ॅपवर पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसलं पाहिजे, असा नियम आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून एनईएफटी आणि आरटीजीएसलाही नाव पडताळायची सोय बँकांनी दिली आहे. त्या स्क्रीनवर थांबा आणि नाव इंडेक्स टूच्या आठव्या रकान्याशी ताडून बघा. नाव वेगळं दिसलं की समोरून कारण तयार असतं: मिसेसचं खातं आहे, सीएचं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली. पत्नी सहमालक असेल तर तिचं नाव इंडेक्स टूवर असतंच, मग काही अडचण नाही. नसेल तर 'तुमच्याच खात्याचा नंबर द्या' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. घर द्यायचंय तो देतो. क्यूआर कोडने पैसे देत असाल आणि एखाद्या दुकानाचं, ट्रेडर्सचं नाव आलं तर तिथेच मागे फिरा.

राहायला गेल्यावरही हे लक्षात असू द्या. सहा महिने भाडं नीट चाललेलं असतं आणि एक दिवस मालकाच्या नंबरवरून मेसेज येतो की खातं बदललंय, या महिन्यापासून इथे टाका. मालकाचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हाती गेलेलं असू शकतं. मेसेजला मेसेजने उत्तर देऊ नका, साधा फोन लावून आवाज ऐका. करारातच 'भाडं या बँकेच्या या खात्यात' असं खातं क्रमांकासह लिहून घ्या, म्हणजे बदल लेखीच करावा लागेल.

कराराबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते असं: करार नोंदवताना मालकाचा, भाडेकरूचा आणि साक्षीदारांचा थंब, म्हणजे अंगठ्याचा ठसा, आधारशी जुळवला जातो, त्यामुळे समोरचा माणूस तोच आहे एवढं पक्कं होतं. पण फ्लॅट त्याचाच आहे का, हे नोंदणी कार्यालय तपासत नाही. दस्त नोंदतात, मालकी नोंदत नाहीत. त्यामुळे खऱ्या आधारचा, खऱ्या थंबचा माणूससुद्धा दुसऱ्याचा फ्लॅट तुम्हाला रीतसर नोंदणीकृत कराराने देऊ शकतो. म्हणून इंडेक्स टू आधी, करार नंतर.

तरीही थंबचा मोठा उपयोग आहे. फसवणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या मशिनसमोर येतच नाहीत, कारण तिथे त्यांची स्वतःची ओळख कायमची नोंदवली जाते. खर्चाचा बाऊ करायचं कारण नाही. १८ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने धरले तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का म्हणजे पाचशेच्या आसपास, शहरी भागात नोंदणी फी एक हजार, आणि वर हाताळणीचा व घरी येऊन थंब घेणाऱ्याचा खर्च. 'नोंदणी कशाला, तुमचेच पैसे वाचवतो' म्हणणाऱ्या मालकाला सांगा की तो खर्च आम्ही देतो. त्यावरही तो नाही म्हणाला तर घर दुसरं बघा.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना पैशांचा क्रम असा सांगतो. फ्लॅट बघून, कागद ताडून मग टोकन, तेही चारपाच हजारांच्या वर नाही, मालकाच्या खात्यात, आणि 'अमुक फ्लॅटचं टोकन, करार न झाल्यास परत' असा मेसेज त्याच्याकडून लेखी घेऊन. बाकीचं डिपॉझिट थंबच्या दिवशी, मालकाचा थंब झाल्यावर, तिथेच बसून, चावी हातात घेताना. रोख नाही. ब्रोकरेजही चावी मिळाल्यावर. हंगामात, म्हणजे जून-जुलैमध्ये, चांगला फ्लॅट टोकनवाचून दोन दिवस थांबत नाही हे खरंय, आणि मालकाची टोकनची मागणी रास्त असते. पण टोकन आणि पूर्ण डिपॉझिट यात फरक आहे. घाई असली तरी तो पुसू देऊ नका.

मालक खरोखर परदेशात असेल तर? पुण्यात असे फ्लॅट भरपूर आहेत. भाऊ, वडील किंवा मित्र कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार बघतात. अशा वेळी मुखत्यारपत्राची मूळ प्रत बघा. भाड्याने देण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलाय का ते वाचा, आणि मालकाला व्हिडिओ कॉलवर एकदा विचारा की यांना तुम्हीच नेमलंय ना. पैसे मात्र मालकाच्याच, शक्यतो एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या) खात्यात टाका. तशा व्यवहारात टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापायचा आयकर, कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, त्यासाठी एकदा सीएशी बोला.

आता ६ लाखांचं. हा प्रकार मुंबई, ठाणे, नवी मुंबईत जुना आहे आणि इकडेही दिसतो. प्रामाणिक हेवी डिपॉझिटही असतात, पण हिशेब करून बघा. त्या वन बीएचकेचं भाडं महिना १८ हजार धरलं तर वर्षाचं २ लाख १६ हजार होतं. तेवढं उत्पन्न सोडून मालक तुमचे ६ लाख वापरतोय, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांनी पैसे उचलतोय. बँकेत त्याच घरावर कर्ज याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी व्याजाने मिळतं. मग तो ३६ टक्के का देईल? एक तर त्याला बँक उभं करत नाही, फ्लॅट आधीच गहाण आहे, हप्ते थकलेत. मग अकरा महिन्यांनी तो ६ लाख कुठून आणणार? आणि हप्ते थकले की बँक २००२च्या सरफेसी कायद्याने ताबा घेते. दारावर नोटीस लागते, आणि तुमचं डिपॉझिट बँकेच्या खिजगणतीत नसतं.

दुसरी शक्यता जास्त वाईट आहे: देणारा मालकच नाही. एजंट मालकाकडून तो फ्लॅट १८ हजार भाड्याने घेतो, तुमच्याकडून ६ लाख घेतो, त्यातूनच मालकाला सहा-आठ महिने भाडं भरत राहतो. असे दहा फ्लॅट केले की ६० लाख हातात येतात. मग एक दिवस भाडं थांबतं, एजंटचं ऑफिस बंद. मालक दारात येऊन विचारतो की तुम्ही कोण, आणि तुम्ही त्याला विचारता की आमचे ६ लाख कुठेत. दोघेही फसलेले असतात आणि दोघेही एकमेकांवर संशय घेतात. असं कुटुंब समोर बसलेलं असताना काही सांगणं फार जड जातं. मुलीच्या लग्नाचे किंवा गावच्या जमिनीचे पैसे त्यात गेलेले असतात. मालकाशी थेट, एजंट नसताना, त्याच्या घरी जाऊन बोलता येत नसेल, तर हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊच नका. तुमच्या बाबतीत माझं मत याहून पुढचं आहे: पहिली नोकरी, नवं शहर, अकरा महिन्यांत घर बदलण्याची पुरती शक्यता. इतकी मोठी रक्कम एका दारामागे अडकवायची गरज नाही.

मुलीचं आधार, पॅन, ऑफर लेटर त्या लष्करी मालकाला पाठवलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाठवलं असेल तर तेही उद्या कुणाला तरी 'भाडेकरूचे' किंवा 'मालकाचे' कागद म्हणून जाऊ शकतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करून घ्या आणि चौकशीच्या टप्प्यावर तेवढंच द्या. पूर्ण आधार क्रमांक थंबच्या वेळी लागतो. तिने बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर त्या दिवशी तात्पुरतं उघडून पुन्हा लॉक करायला सांगा, आणि अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवरचा मसुदा वाचायला सांगा: नाव, फ्लॅट नंबर, मुदत, डिपॉझिटचा आकडा.

समजा हे वाचेपर्यंत पैसे गेलेच असतील. मग लाज बाळगून एक तासही घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा आयडी हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, आणि ते सरकायला फार वेळ लागत नाही. लगेच आपल्या बँकेलाही कळवा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार पूर्ण करून पोच क्रमांक जपून ठेवा. पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली होते, पूर्वी जे ४२० होतं ते. ठाणं कुठलंही चालतं, लातूरचंही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य हद्दीत पाठवता येतो. चॅट पुसू नका, जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, साइटला ती जाहिरात कळवा. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक आपोआप भरून देत नाही, हे स्पष्ट सांगतो. गोठवलेली रक्कम मात्र परत मिळू शकते. त्यानंतर काही दिवसांनी 'तुमचे पैसे काढून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा' म्हणणारा फोन येईल. तोही त्यांचाच.

तुमच्या दहा दिवसांचं असं करा. मुलीला थेट फ्लॅटमध्ये उतरवायचा हट्ट सोडा. कंपनीच्या एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्या सुरुवातीचे काही दिवस राहायची सोय करतात किंवा आधी रुजू झालेल्या मुलींशी गाठ घालून देतात. नाहीतर वाकड-हिंजवडीत महिन्याच्या बोलीवर लेडीज पीजी मिळतात. तिथेही आधी जाऊन खोली बघून मगच पैसे द्या, आणि डिपॉझिट किती कापणार ते पावतीवर लिहून घ्या. पहिल्या शनिवार-रविवारी तुम्ही स्वतः या, दोघं मिळून चारपाच फ्लॅट बघा. जो पसंत पडेल त्याच्या सोसायटी ऑफिसात बसून मालकाचं नाव विचारा, इंडेक्स टू मागा, आणि तो मिळाला की फ्लॅट नंबर व नावं झाकून त्याचा फोटो इथे पाठवा. रकाने मी वाचून सांगतो.